हृदयविकार : बाईचा आणि पुरुषाचा

(संस्थेच्या आरोग्य शिबिरानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने या शिबिरात बोलण्यासाठी आमचे नाव सुचविले, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही डॉक्टर नाही. कलाशाखेचे पदवीधर असून गेली बावीस वर्षे बँकेत कारकून म्हणून नोकरी करीत आहोत. तपासणीसाठी आलेली डॉक्टर मंडळी समोर बसलेली असताना हृदयविकारावर आम्ही काय बोलावे? परंतु सचिव महोदयांनी आग्रह धरला. ते म्हणाले, "डॉक्टर औषध सांगतील. तुमच्या घरात जे घडले ते तुम्ही सांगा." त्यांच्या म्हणण्यात तथ्य वाटले म्हणून आज आम्ही आपणासमोर उभे आहोत. यातील वैद्यकीय भाग आम्ही वाचून आणि जाणकारांना विचारून जमविला आहे. घरातला भाग मात्र आम्ही स्वतः भोगलेला आहे.

२०११ सालची गोष्ट. आमचे वडील तेव्हा ५८ वर्षांचे होते. रात्री जेवण आटोपून अंगणात शतपावली करीत असता ते एकाएकी खाली बसले. छातीवर कोणी जाते ठेवावे तसे वाटते, असे म्हणाले. अंगाला दरदरून घाम सुटला होता. आम्ही दोघे भाऊ, शेजारचे काका आणि समोरचा रिक्षावाला असे चौघेजण धावलो. कोणाला काही विचारावे लागले नाही. हा हार्ट अटॅक आहे, हे शेजारच्या शाळकरी मुलानेसुद्धा ओळखले. पाऊण तासाच्या आत वडील इस्पितळात होते. अँजिओप्लास्टी झाली. वडील आज हयात आहेत आणि रोज सकाळी दोन किलोमीटर चालतात.

पुढे पाच वर्षांनी, २०१६ साली, तोच आजार आमच्या आईला झाला आणि तो आम्हा कोणालाच ओळखता आला नाही. आई ६२ वर्षांची होती. दोन दिवस ती म्हणत होती की, पाठ भरून आली आहे, घशाशी जळजळते, जीव घाबरा होतो. जिना चढताना तिला धाप लागत होती. पित्त झाले असेल म्हणून आम्ही सोडा आणून दिला. आमच्या सौभाग्यवतींनी ओवा आणि काळे मीठ दिले, पाठीला बाम चोळला. तिसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या थापता थापता आईने परात बाजूला सारली आणि ती भिंतीला टेकून बसली. जबडा दुखतो म्हणाली. आम्ही समजलो दाढ दुखत असेल. जवळच्या एका दवाखान्यात नेले. तेथे गॅसेसचे इंजेक्शन मिळाले आणि या वयात बायकांना असे होतेच, काळजी करू नका, असा सल्लाही मिळाला. संध्याकाळी तिचे हातपाय गार पडू लागले तेव्हा मोठ्या इस्पितळात नेले. ई.सी.जी. काढल्यावर तेथील डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "इतके दिवस काय करीत होता?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे तेव्हा नव्हते. आई त्या वेळी वाचली, परंतु तिच्या हृदयाचा बराच स्नायू निकामी झाला होता. पुढची तीन वर्षे ती चार पायऱ्या चढून थांबत असे. २०१९ साली ती गेली.

हे आम्ही त्या दवाखान्याला दोष देण्यासाठी सांगत नाही. पहिला दोष आमचा आहे. आमच्या घरात हृदयविकार एकदा येऊन गेलेला होता, त्याची फाईल कपाटात होती, आणि घरात शिकलेली माणसे होती. तरी वडिलांच्या वेळी आम्ही रिक्षा शोधली आणि आईच्या वेळी ओव्याची बरणी शोधली. बँकेत दिवसाअखेर रोकड मोजताना दहा रुपयांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत आम्ही जागचे उठत नाही. या दोन प्रसंगांतील फरक कशामुळे पडला, तो आजारात होता की आमच्या नजरेत होता, हे शोधण्यासाठी आम्ही वाचू लागलो. जे सापडले ते आपणापुढे ठेवतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हृदयविकार हा पुरुषांचा आजार आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः जगभर स्त्रियांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे. दर तीन स्त्रियांच्या मृत्यूंपैकी साधारण एक मृत्यू या विकारांमुळे होतो. कर्करोगाची स्त्रियांना भीती वाटते आणि ती वाटणे योग्यच आहे. पण हृदयविकाराची भीती मात्र त्या नवऱ्यासाठी बाळगतात, स्वतःसाठी नाही.

मग हा गैरसमज आला कोठून? तो वयातून आला. 'इंटरहार्ट' नावाचा एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांतील सुमारे ३० हजार लोकांची माहिती त्यात गोळा केली होती. हृदयविकाराचा पहिला झटका पुरुषांच्या मानाने स्त्रियांना सुमारे नऊ वर्षे उशिरा येतो, असे त्यात दिसून आले. पाळी चालू असेपर्यंत स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक रक्तवाहिन्यांना काही अंशी संरक्षण देते. पाळी गेल्यावर ते कमी होते, रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढू लागते, रक्तदाबही चढतो. म्हणजे स्त्रीला मिळते ती मुदतवाढ असते, कर्जमाफी नव्हे. त्यातही आपण दक्षिण आशियातील लोक. आपल्याकडे पहिला झटका इतर देशांच्या मानाने पाच-सहा वर्षे लवकरच येतो.

या उशिराचा एक परिणाम कोणत्याही पुस्तकात न पाहता आम्हाला घरात दिसला. पुरुषाला झटका येतो तेव्हा तो कमावता असतो. घर त्याच्यावर चाललेले असते, म्हणून घर धावते. बाईला येतो तेव्हा ती आजी झालेली असते. तिचे गुडघे दुखतात, कंबर दुखते, पित्त होते, आणि तिच्या दुखण्याची सर्वांना सवय झालेली असते. नवे दुखणे त्या जुन्या दुखण्यांच्या गर्दीत हरवून जाते.

आता लक्षणांकडे येतो. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण अर्धवट माहिती फार घातक असते. बायकांच्या छातीत दुखत नाही, असे कोणी सांगितले तर ते खरे नाही. स्त्री असो वा पुरुष, हृदयविकाराच्या झटक्याचे सर्वांत जास्त आढळणारे लक्षण छातीतील दुखणे, दडपण किंवा जळजळ हेच आहे. फरक एवढाच की, छातीत न दुखता झटका येण्याचे प्रमाण स्त्रियांत अधिक असते. अमेरिकेत ११ लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ४२ टक्के स्त्रिया इस्पितळात आल्या त्या छातीत दुखण्याची तक्रार नसताना. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. इस्पितळात मृत्यू पावण्याचे प्रमाण स्त्रियांत १४.६ टक्के, तर पुरुषांत १०.३ टक्के होते. या अभ्यासातील स्त्रिया वयाने अधिक होत्या, हेही त्याचे एक कारण आहे. परंतु तरुण स्त्रियांतही पुरुषांशी फरक दिसून आला.

छातीत दुखत नसेल तर काय होते? दम लागतो. थंड घाम येतो. मळमळते, उलटी होते. पाठ, मान, खांदे, जबडा, पोटाचा वरचा भाग यांपैकी काही दुखते. कारण नसताना इतका थकवा येतो की रोजचे काम होत नाही. हृदयाकडून येणाऱ्या वेदनेच्या नसा आणि हात, मान, जबडा यांच्याकडून येणाऱ्या नसा मज्जारज्जूत जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचतात, त्यामुळे दुखते हृदय आणि वाटते जबडा. आमच्या आईने जी जी तक्रार केली होती, ती प्रत्येक तक्रार या यादीत आहे. तिने काही लपविले नव्हते. तिने आपल्या भाषेत सगळे सांगितले होते. "छातीत कळ आली" हे आम्हाला समजणारे वाक्य तेवढे ती बोलली नाही.

लक्षणांखेरीज शरीराच्या आतही काही भेद आहेत. स्त्रीचे हृदय आकाराने लहान आणि त्याच्या धमन्या अरुंद असतात. पुरुषांत बहुधा धमनीत साचलेला चरबीचा थर फुटतो, तेथे रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद होते. स्त्रियांतही असे होते; पण विशेषतः तरुण स्त्रियांत थर न फुटता वरून झिजतो आणि त्यावर गुठळी धरते, असेही पुष्कळ वेळा आढळते. काही स्त्रियांत मोठ्या धमन्या मोकळ्या असतात आणि दोष असतो तो हृदयाच्या स्नायूत पसरलेल्या बारीक रक्तवाहिन्यांत. अँजिओग्राफीच्या चित्रात मोठ्या धमन्या तेवढ्या दिसतात. चित्र स्वच्छ आले की "काही नाही, मनाचे आहे" असे सांगून बाईला घरी पाठविले जाते. चित्र स्वच्छ आले तरी छातीतले दुखणे थांबत नसेल, तर पुन्हा विचारण्याचा तिला हक्क आहे.

आणखी दोन प्रकार आहेत. एकात धमनीच्या आतल्या थराला आपोआप चीर पडते. हे बहुतांशी स्त्रियांत होते, कधी कधी बाळंतपणानंतरच्या दिवसांतही होते, आणि अशा स्त्रीला मधुमेह, रक्तदाब यांपैकी काहीच नसू शकते. दुसरा प्रकार जपानी डॉक्टरांनी १९९० साली वर्णन केला. त्याचे नाव 'ताकोत्सुबो'. जपानमध्ये ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्याला असे म्हणतात. मोठा मानसिक धक्का बसल्यावर, जवळचे माणूस गेल्यावर, हृदयाचा खालचा भाग एकाएकी फुगून त्या मडक्यासारखा दिसू लागतो. याचे दहापैकी नऊ रुग्ण स्त्रिया असतात, बहुतेक पाळी गेलेल्या. उपचार मिळाल्यास बहुसंख्य बऱ्या होतात. "तिने फार मनाला लावून घेतले" असे आपण म्हणतो. ते मनाला लावून घेणे हृदयापर्यंत खरोखर पोहोचते, हे त्यावरून कळावे.

आता धोक्याच्या कारणांकडे वळतो. इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, मानसिक ताण, व्यायामाचा अभाव, आहारात फळेभाज्या नसणे इत्यादी नऊ बाबी मोजल्या होत्या. पुरुषांच्या झटक्यांचा ९० टक्के आणि स्त्रियांच्या झटक्यांचा ९४ टक्के धोका या नऊ बाबींतच सापडला. याचा अर्थ असा की, कारणे दोघांची बहुतांशी तीच आहेत आणि त्यांतील बरीचशी आपल्या हातात आहेत. मात्र त्यांचे वजन सारखे नाही. मधुमेहाचेच पाहा. ६४ अभ्यासांतील साडेआठ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०१४ साली असे दाखविण्यात आले की, मधुमेहामुळे हृदयविकाराचा जो धोका वाढतो, तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत ४४ टक्क्यांनी अधिक वाढतो. धूम्रपानाचेही तसेच, तेथे हा फरक सुमारे २५ टक्के आहे.

आपल्या आयाबहिणी विडी-सिगारेट ओढीत नाहीत, असे आपण म्हणू. खरे आहे. पण मिश्रीचे काय? सकाळी उठून डबी उघडून दात घासणाऱ्या किती स्त्रिया आपल्या ओळखीच्या आहेत, हे प्रत्येकाने मनात मोजावे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तंबाखू ओढली नाही, नुसती तोंडात धरली, तरी हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट होतो, हेही इंटरहार्टच्याच पुढील अभ्यासात २००६ साली दिसून आले.

चुलीच्या धुराबद्दल तर आपल्याच देशातील एका स्त्रीने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. डॉ. एस. आय. पद्मावती या भारतातील पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ. त्यांचा जन्म १९१७ साली ब्रह्मदेशात झाला. रंगून येथे त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्य आले तेव्हा आई व बहिणींसह त्यांना देश सोडून भारतात यावे लागले. पुढे परदेशात शिकून आल्यावर १९५४ साली त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात हृदयरोग विभाग सुरू केला. १९५९ साली त्यांनी दिल्लीतील १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसे खराब होऊन हृदयाच्या उजव्या भागावर ताण येण्याचा हा आजार धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांतही त्यांना पुष्कळ आढळला, आणि त्यांनी स्वयंपाकघरातील धुराकडे बोट दाखविले. पद्मावतीबाईंना १९९२ साली पद्मविभूषण मिळाले. २०२० साली, वयाच्या १०३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शंभरी जवळ आली तरी त्या रुग्ण तपासत असत.

काही कारणे तर फक्त स्त्रियांचीच आहेत. गरोदरपणात रक्तदाब वाढून अंगावर सूज येणे, या विकाराने पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट होतो. गरोदरपणात साखर वाढणे, वयाच्या चाळिशीपूर्वी पाळी जाणे, यांनीही धोका वाढतो. बाळंतपण सुखरूप झाले की आपण ते कागद टाकून देतो. ते कागद जपून ठेवावेत आणि पुढे कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना ही गोष्ट न विचारताही सांगावी.

हे सर्व वाचल्यावर एका रविवारी आम्ही वही घेऊन बसलो आणि आईचा जमाखर्च मांडला. मधुमेह अकरा वर्षांचा. गोळी वडिलांची आठवणीने येई, तिची महिन्यातून आठ दिवस संपलेली असे. मिश्री लग्नाच्या आधीपासून. गावाकडे असताना चूल, ती वीस वर्षे. आणि आमच्या मोठ्या आत्याबाईंना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, आमच्या जन्माच्या वेळी आईच्या सर्वांगावर सूज आली होती, रक्तदाब वाढला होता आणि तिला आठवडाभर इस्पितळात ठेवले होते. हे आम्हाला वयाच्या चाळिशीत कळले. आईला ते कोणी कधी विचारले नाही आणि तिने आपण होऊन सांगितले नाही. एवढ्या सगळ्या नोंदी असताना तिचा ई.सी.जी. आयुष्यात पहिल्यांदा निघाला तो त्या संध्याकाळी. वडिलांचा चाळिशीनंतर दरवर्षी निघत असे, कारण त्यांच्या नोकरीत तपासणी सक्तीची होती. घरकामात तपासणीची सक्ती नसते.

विद्यार्थी मित्रांनो, आता जे सांगतो ते खास तुमच्यासाठी आहे. हा विसर केवळ आमच्या घराला पडला नव्हता. तो मोठमोठ्या संशोधकांनाही पडला होता. १९७०-८० च्या काळात अमेरिकेत हृदयविकार टाळण्यासाठी एक मोठा प्रयोग झाला. त्यात १२,८६६ जण होते आणि ते सर्वच्या सर्व पुरुष होते. ॲस्पिरीनची रोजची गोळी घेतल्यास निरोगी माणसाचा झटका टळतो काय, हे पाहण्यासाठी २२,०७१ डॉक्टरांवर प्रयोग झाला. तेही सर्व पुरुष. त्यांच्यात झटक्यांचे प्रमाण बरेच कमी झाले. पुढे तोच प्रश्न ३९,८७६ स्त्रियांवर तपासला गेला. त्याचा निष्कर्ष २००५ साली आला तो वेगळा होता. एकूण स्त्रियांत पक्षाघात थोडा कमी झाला, पण हृदयविकाराचा पहिला झटका काही टळला नाही. (ही गोष्ट निरोगी माणसांची आहे. ज्यांना डॉक्टरांनी ॲस्पिरीन लिहून दिली आहे त्यांनी ती आमचे भाषण ऐकून बंद करू नये.) तसेच पाळी गेल्यावर संप्रेरकांच्या गोळ्या घेतल्यास हृदय सुरक्षित राहते, असे अनेक वर्षे मानले जाई. प्रत्यक्ष स्त्रियांवर नीट प्रयोग झाला तेव्हा, २००२ साली, धोका कमी होण्याऐवजी थोडा वाढलेलाच दिसला आणि प्रयोगाचा तो भाग थांबवावा लागला. जिला मोजले नाही तिच्याविषयीचा अंदाज असा चुकतो.

याला अपवादही होते, तेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ साली सुरू झालेल्या प्रसिद्ध अभ्यासात ५,२०९ लोकांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. मधुमेह असलेल्या स्त्रीचे नैसर्गिक संरक्षण नाहीसे होते, हे प्रथम तेथेच ठळकपणे दिसले. म्हणजे मोजायचे ठरविले असते तर मोजता येत होते.

१९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक डॉ. बर्नाडिन हीली यांनी या प्रश्नावर एक लेख लिहिला. त्या स्वतः हृदयरोगतज्ज्ञ होत्या. मॅसॅच्युसेट्स आणि मेरीलँड या राज्यांत हृदयविकाराने इस्पितळात आलेल्या स्त्रियांना पुरुषांच्या मानाने अँजिओग्राफी व शस्त्रक्रिया कमी मिळतात, असा अभ्यास त्याच अंकात आला होता. हीलीबाईंनी आपल्या लेखाला 'येंटल' या मुलीचे नाव दिले. येंटल ही एका ज्यू कथेची नायिका. मुलींना धर्मग्रंथ शिकण्यास मनाई असल्यामुळे ती मुलाचा वेष करून शिकायला जाते. हीलीबाईंचे म्हणणे असे की, स्त्रीचे हृदयही पुरुषासारखेच आजारी आहे हे सिद्ध झाल्यावरच तिला पुरुषाइतके उपचार मिळतात. शिकण्यासाठी वेष बदलावा लागणे म्हणजे काय, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आमच्या मुलींनी डॉक्टर व्हावे, असे आम्ही म्हणतो ते केवळ मानासाठी नव्हे. फ्लोरिडा राज्यातील १९९१ ते २०१० या काळातील झटक्याच्या रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. स्त्री रुग्णावर स्त्री डॉक्टरने उपचार केले असता ती वाचण्याची शक्यता अधिक होती. एवढेच नव्हे, ज्या पुरुष डॉक्टरांच्या सोबत स्त्री डॉक्टर अधिक होत्या, त्यांच्या हातूनही स्त्रिया अधिक वाचल्या. म्हणजे ही नजर शिकता येते.

आणि शेवटचा फरक पैशाचा व वेळेचा. आपल्या देशातील ५० शहरांमधील २०,४६८ रुग्णांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. दुखणे सुरू झाल्यापासून इस्पितळात पोहोचेपर्यंत लागलेला वेळ साधारण ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास होता. महिनाभरात दगावलेल्यांचे प्रमाण सधनांत ५.५ टक्के, तर गरिबांत ८.२ टक्के होते. रक्त न मिळालेला हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत जातो आणि मेलेला स्नायू पुन्हा तयार होत नाही. त्यात रुग्ण गरीब असेल आणि बाई असेल, तर तिचा वेळ दोन्हीकडून जातो.

आता घरी जाऊन काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

(१) घरातील चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीचा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. आज या शिबिरात सोय आहे. नवऱ्यांनी रांगेत आपल्यापुढे पत्नीला उभे करावे.

(२) जबडा, मान, पाठ, छाती किंवा पोटाचा वरचा भाग यांत नवे दुखणे, दम, थंड घाम, मळमळ अशी लक्षणे एकाएकी आली आणि काही मिनिटांत थांबली नाहीत, तर सोडा, ओवा, बाम यांत वेळ घालवू नये. ई.सी.जी.ची सोय असलेल्या इस्पितळात जावे. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला चालवत नेऊ नये.

(३) इस्पितळात गेल्यावर "ॲसिडिटी आहे" असे आपण होऊन सांगू नये. "हे हृदयाचे तर नाही ना? ई.सी.जी. काढता का?" असे विचारावे. पहिला ई.सी.जी. चांगला आला तरी दुखणे चालू असल्यास तो पुन्हा काढतात आणि रक्तातील ट्रोपोनिन तपासतात. ते करावे अशी विनंती करावी. असे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

(४) पैशासाठी थांबू नये. शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हृदयाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला भेटावे. शिधापत्रिका आणि आधारकार्ड घरात कोठे आहे, हे घरातील सर्वांना माहीत असावे.

(५) मिश्रीची डबी बंद करावी. हे सासूला सुनेने सांगणे कठीण आहे, म्हणून मुलाने सांगावे. आम्ही ते आईला कधी सांगितले नाही.

(६) घरात औषधे आणताना दोघांची आणावीत. तिची गोळी संपली आहे काय, हे तिने सांगेपर्यंत वाट पाहू नये.

माताभगिनींना एक विनंती आहे. आपले दुखणे सांगताना "काही नाही, थोडेसेच" असे म्हणून सुरुवात करू नका. कितीपासून दुखते, कोठे दुखते, काय केल्यावर वाढते, हे सरळ सांगा. आणि बंधूंनो, ती सांगू लागली की हातातील काम बाजूला ठेवून ऐका. आमच्या आईने तीन दिवस सांगितले होते. तिची एक तक्रार तरी आम्ही वडिलांच्या तोंडून ऐकली असती, तर त्याच क्षणी उठून उभे राहिलो असतो. आम्ही शोधीत होतो तो फरक अखेर येथे सापडला.

त्या दिवशी इस्पितळाच्या खाटेवर, नाकाला नळी असताना, आईने आमच्याकडे पाहून पहिला प्रश्न विचारला तो वडिलांनी रात्रीची गोळी घेतली का, हा. आज आपण घरी गेल्यावर निदान एकदा हाच प्रश्न तिच्याबद्दल विचारावा, एवढीच आमची विनंती आहे.

 तपासणीची रांग डाव्या बाजूच्या खोलीपासून सुरू होते.